वरची मूठ



मे महिन्यात गोव्यातल्या नातेवाइकांकडे गेलं की एक शब्द हमखास कानावर पडतो: पुरुमेंत. म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. शब्द पोर्तुगिजांकडून आला, गरज मात्र आपलीच. मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चचं फेस्त पेंटेकॉस्टच्या सुमाराला येतं आणि तेव्हा भरणाऱ्या बाजारामुळे लोक त्याला पुरुमेंताचं फेस्तच म्हणतात. आत पवित्र आत्म्याच्या वरदानांवर प्रवचन चाललेलं असतं आणि बाहेर सुकी मासळी, मिरच्या, चिंच, सोलं, कांद्याच्या माळा मांडलेल्या असतात. मला यात काही विसंगत वाटत नाही. पुढचे चार महिने घरात काय शिजवायचं ही चिंता घेऊन आलेली बाईसुद्धा पवित्र आत्म्याचीच वाट पाहत असते.

घाटाच्या वर आमच्याकडे पुरुमेंत हा शब्द फारसा नाही, पण बेगमी आहेच. बेळगावहून चोर्ला घाटाच्या रस्त्याला लागलं की जांबोटी येते, मग कणकुंबी. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेला वाहत जाऊन कृष्णेला मिळते. याच खानापूर तालुक्याच्या डोंगरांत उगम पावणारी म्हादई मात्र पाठ फिरवून पश्चिमेला गोव्यात उतरते. इथला पाऊस मिलिमीटरमध्ये मोजायचा तर आकडा हजारांत जातो. भीमगड अभयारण्याच्या जंगलातल्या काही वाड्यांचा रस्ता पावसाळ्यात ओढे-नाले तोडून टाकतात. अशा वेळी आजारी माणसाला खांद्यावरून उचलून आणावं लागतं. मग मीठ-मिरचीसाठी तालुक्याच्या गावी कोण जाणार? जे काही मिळायचं ते जवळच्या बाजाराच्या गावातल्या एखाद्या किराणा दुकानात.

अशाच एका दुकानाविषयी आज लिहिते आहे.

आमच्या धर्मग्रामात एक छोटा मदतगट आहे. पावसाळ्याच्या तोंडावर डोंगरातल्या गरजू कुटुंबांना किराणा द्यायचा असं यंदा ठरलं. यादीत १८ कुटुंबं होती. त्यांतली आपल्या ख्रिस्तसभेची दोनच. बाकीच्यांचा धर्म कुणी विचारला नाही, हे मला बरं वाटलं. सामान बेळगावात होलसेलमध्ये घ्यायचं की तिथल्याच दुकानातून, हे पाहायला पेंटेकॉस्टच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोघं गेलो. मी आणि गटातले एक ज्येष्ठ अंकल. निवृत्त, हिशेबाला चोख, मनाने मऊ.

दुकानाच्या पाटीवर ‘जनरल स्टोअर्स’ लिहिलेलं होतं आणि ते नाव सार्थ होतं. दारावर नायलॉनच्या दोऱ्या, ताडपत्री, पावसात डोक्यावरून घ्यायच्या प्लॅस्टिकच्या खोळी लटकत होत्या. आत गमबूट, विळे, कोयत्याच्या मुठी, टॉर्चचे सेल, मेणबत्त्या, शाळेच्या वह्या, सुक्या बांगड्यांची टोपली, आमसुलं, गूळ, तंबाखूचे पुडे. तंबाखू-चुना खाण्यापुरताच नसतो. जंगलात पायाला जळू लागली की तो कामाला येतो. काउंटरवर काचेच्या बरण्यांत लेमनच्या गोळ्या आणि चिक्की, बाजूला मोबाइलने पैसे द्यायचा चौकोनी कोड चिकटवलेला, त्याच्याजवळ इलेक्ट्रॉनिक काटा. आणि काट्याच्या शेजारी घासून लख्ख केलेली पितळेची पायली.

दुकान चालवणाऱ्या मावशी साठीच्या आसपासच्या. त्यांनी आधी मला सिस्टर समजून हात जोडले. मी म्हटलं, “मावशी, मी सिस्टर नव्हे, मुलांना धर्मशिक्षण शिकवते.” त्या म्हणाल्या, “म्हणजे बाईच की ओ. बसा की, उभ्या का?” आणि पोत्यावर टाकलेला पंचा झटकून मला जागा करून दिली.

अंकलनी यादी पुढे केली. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापूड. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “गरिबांना वाटायचंय मावशी. डाळ जरा हलकी असली तरी चालेल. तेवढ्याच पैशात दोन घरं जास्त होतील.”

अंकलचा हेतू वाईट नव्हता. आपल्यातले बहुतेकजण हेच म्हणाले असते. मावशींनी यादी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, “तांदूळ कशाला? तांदूळ रेशनला मिळतोय त्यांना. तुम्ही तांदळावर तांदूळ द्यायला लागलाय.”

खरंच होतं. कर्नाटकात २०१३ पासून अन्नभाग्य योजनेतून गरीब घरांना तांदूळ मिळतो आहे. घर अडतं ते तेलाला, डाळीला, मिरचीला, साबणाला आणि जून महिन्यात पोरांच्या वह्यांना. गोव्यात बांधकामावर जाणारी माणसं पाऊस लागला की घरी येऊन बसतात. हातातला पैसा थांबतो. नंतर हातात काही पडायचं ते दिवाळीच्या सुमाराला, भात कापणीला आलं की. या चार-साडेचार महिन्यांचं ओझं दुकानाच्या उधारीच्या वहीवर असतं.

“आणि हलकी डाळ मी ठेवत नाही,” मावशी पुढे म्हणाल्या. “ही माणसं माझीच गिऱ्हाइकं आहेत. वर्षभर माझ्याकडून जी डाळ नेतात, तीच देणार. रोखीला एक आणि उधारीला एक, असं वेगळं माप आमच्यात नाही.”

तेवढ्यात एक मुलगी आली, बारा-तेरा वर्षांची. पाव किलो साखर, अर्धा लिटर तेल आणि एक मापटं नाचणी. मावशींनी साखर काट्यावर ठेवली, आकडा बरोबर आला, मग वर एक चिमूट आणखी टाकली. नाचणी मात्र त्यांनी मापट्याने मोजली. माप भरलं, बुडावर दोनदा आपटलं, दाणे खाली बसले, पुन्हा भरलं, तळव्याने दाबलं आणि शीग लावली. दाणे कडेने ओघळायला लागले तेव्हा हात थांबला. सगळं मुलीच्या पिशवीत ओतून वर एक मूठ. मुलीने पैसे दिले नाहीत. मावशींनी वही उघडली, एक ओळ लिहिली, वही मिटली. मुलगी गेली. ती रोखीची गिऱ्हाईक असती तर काय वेगळं झालं असतं? फक्त वही उघडली नसती.

आपल्यातल्या तरुण वाचकांसाठी सांगते. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५६ च्या कायद्याने देशात किलो आणि लिटर आणले, तशी ही मापं सरकारी कागदावरून गेली. पण भाताच्या मुलखात घरोघरी ती अजून आहेत. आणि आपल्या भाषेत तर ती कायमची आहेत. नवी नवरी माप ओलांडून घरात येते. फसवणाऱ्याला आपण सांगतो, मापात पाप करू नकोस.

मी पायलीकडे पाहते आहे हे मावशींच्या ध्यानात आलं. “सासऱ्यांची आहे,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या काळात पावसाच्या आधी भात उसनं देत आणि सुगीला परत घेत. काही जण देताना काठी फिरवून सपाट देत आणि घेताना शीग लावून घेत. सासरे म्हणायचे, देताना शीग असेल तर घेतानाही शीग. देताना सपाट तर घेतानाही सपाट. माप एकच.”

हे ऐकताना मला आमोस संदेष्टा आठवला. तो स्वतः मेंढ्या राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा माणूस. त्याच्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात व्यापारी कुरकुरत असतात की शब्बाथ कधी संपतो आणि आम्ही धान्याची कोठारं कधी उघडतो. त्यांना एफाचं माप लहान करायचं असतं, शेकेलचं वजन मोठं करायचं असतं आणि गव्हाचा भुसासुद्धा गरिबाच्या गळ्यात मारायचा असतो. उपासना चालू आहे, पण मन दुकानात आहे आणि दुकानात माप खोटं आहे. आमोसचा राग व्यापारावर नाही. गरिबासाठी वेगळं माप काढण्यावर आहे.

अंकलनी मग दुसरा प्रस्ताव मांडला. “बरं मावशी, असं करू. कुणाची उधारी सगळ्यात जास्त थकली आहे ते दाखवा. आम्ही तीच फेडून टाकतो.” बोलणं उदार होतं. पण मावशींनी वहीवर हात ठेवला. रागाने नव्हे, झोपलेल्या लेकरावर ठेवावा तसा.

“वही मी कुणाला दाखवत नाही. माझ्या लेकालाही नाही.”

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनीच चहा मागवला आणि मन मोकळं केलं. उधारी देणं सोपं नाही. बेळगावच्या रविवार पेठेतला होलसेलवाला पंधरा दिवस थांबतो, सोळाव्या दिवशी फोन करतो. आणि इथे पैसे यायचे दिवाळीनंतर. मधला खड्डा त्यांनी स्वतःच्या दागिन्यांनी भरला आहे. लेक गोव्यात कारखान्यात नोकरीला आहे. तो म्हणतो, आई, बंद कर हे. “त्याचं चुकत नाही,” मावशी म्हणाल्या. “पैसा आला की माणसं बेळगावला जाऊन मोठ्या दुकानातून गाडी भरून आणतात. रोख बेळगावला, उधार माझ्याकडे. आणखी दोन पावसाळे निघतील बघा. पुढचं देवाला माहीत.”

बंधू-भगिनींनो, ही तक्रार मी आपल्या सर्वांसमोर जशीच्या तशी ठेवते आहे. कारण त्या दुकानाचं दार बंद झालं तर पहिला फटका त्या १८ घरांनाच बसणार आहे. आपण वर्षातून एकदा पिशवी देऊन येतो. ती बाई पावसाळाभर त्यांना सांभाळते. आणि आपली पिशवी आपण बेळगावातून भरून नेली, तर तिच्या गल्ल्यातली थोडीफार रोखही आपणच कमी करतो.

परतताना बसमध्ये मी लूककृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढला. दाबलेल्या, हलवलेल्या, ओसंडणाऱ्या मापाची ओवी आपल्याला पाठ आहे. दानाच्या रविवारी ती हमखास ऐकू येते. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तिथे ‘शीग’ हाच शब्द आहे आणि ते माप ‘पदरी’ पडतं. ज्याने भाषांतर केलं त्याने कुठल्यातरी बाजारात उभं राहून धान्य मोजताना नक्की पाहिलं असणार. पण त्या ओवीच्या आधी काय आहे ते पाहा. चौतिसाव्या आणि पस्तिसाव्या ओवीत प्रभू उसनं देण्याविषयी बोलतो. परत मिळेल अशी खात्री असलेल्यालाच उसनं दिलं तर त्यात विशेष ते काय, असं विचारतो. आणि सदतिसाव्या ओवीत सांगतो की दुसऱ्यांचा न्याय करू नका, त्यांना दोषी ठरवू नका. त्याच्या लगेच पुढे माप येतं. म्हणजे हे माप फक्त पैशाचं किंवा धान्याचं नाही. आपण माणसाला ज्या मापाने मोजतो, त्या मापाविषयी प्रभू बोलतो आहे.

“हलकी डाळ चालेल” यात डाळीची किंमत ठरते, तशी खाणाऱ्याचीही ठरते. “कुणाची उधारी जास्त आहे?” या प्रश्नात एखाद्या घराची अब्रू चारचौघांत मांडली जाते. मदत देताना फोटो काढतो तेव्हाही तेच होतं. घेणाऱ्याचा हात खाली असतो, मान खाली असते आणि आपण कॅमेऱ्याकडे पाहत असतो.

रूथच्या पुस्तकातला बवाज हे किती छान जाणत होता! रूथ परदेशी, विधवा, पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी. बवाजने ठरवलं असतं तर तिला बोलावून एक पोतं देऊ शकला असता. आल्यागेल्याने त्याची वाहवा केली असती. पण दुसऱ्या अध्यायात तो आपल्या माणसांना हळूच सांगतो की पेंढ्यांतून काही कणसं मुद्दाम गाळत चला आणि ती वेचू लागली तर तिला बोलू नका. रूथला वाटलं असेल की आज नशिबाने जास्त सरवा मिळाला. घरी जाऊन तिने ते सासूपुढे ताठ मानेने ठेवलं. ती स्वतःच्या कष्टाचं घेऊन आली होती. बवाजने दिलं, आणि देणारा दिसला नाही.

हा सरवा ठेवण्याचा नियम लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं उचलू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. त्याच अध्यायाच्या शेवटी खऱ्या तराजूचा आणि खऱ्या मापांचा नियम आहे. आधी माप खरं ठेवा आणि मग दान करा, किंवा दान करता म्हणून माप थोडं इकडे-तिकडे चालेल, अशी वाटणी तिथे नाही. खरं माप आणि वरची मूठ, दोन्ही एकाच देवाने एकाच अध्यायात मागितली आहेत.

आता आमच्या गटाचं काय झालं, ते सांगते. सभा दोन तास चालली. मी मावशींचं म्हणणं मांडलं. अंकलनीच पुढे होऊन सुचवलं की तांदूळ यादीतून काढू आणि सामान त्याच दुकानातून घेऊ. प्रत्येक घराच्या नावाने ठरावीक रक्कम मावशींकडे जमा ठेवायची. ज्याला जे हवं ते त्याने आपल्या हाताने न्यावं. कुणाला तेल, कुणाला वह्या, कुणाला ताडपत्री. ज्याला जुनी उधारी कमी करायची असेल त्याने तसं सांगावं. मावशी फक्त ‘जमा’ एवढं लिहितील. फोटो नाही.

याला विरोधही झाला आणि तो बिनबुडाचा नव्हता. खजिनदारांनी विचारलं, “पैसे लोकांनी दिले आहेत. रविवारी हिशेब वाचताना मी काय दाखवू? आणि कुणी सगळ्याचा तंबाखूच घेतला तर?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर निघालं. दुकानाकडून एकूण रकमेचं पक्कं बिल घ्यायचं, त्यावर नावं नसतील, गटातल्या दोघांच्या सह्या असतील. दुसऱ्या प्रश्नावर एकमत झालं नाही. एका बाईंनी एवढंच म्हटलं, “माझ्या नवऱ्याच्या पगारातून तो काय घेतो हे अजून कुणी मला विचारलेलं नाही.” सगळे हसले, खजिनदार सोडून. त्यांची शंका त्यांच्यापाशी आहे आणि त्यांनी ती ठेवावी. असा एक माणूस गटात असला की बाकीचे सावध राहतात.

शेवटी फादरनी एक अट घातली. त्या १८ घरांना आधी जाऊन विचारायचं की असं चालेल का. दोन घरांनी नको म्हटलं. एकाने सांगितलं, “आमचं चाललंय, आमच्या शेजारणीला द्या.” यादी करताना हे आम्हाला कुणी सांगितलं नसतं.

वाचकहो, आपल्यापैकी कुणी इंदूरला असेल, कुणी वडोदऱ्याला, कुणी हैदराबादला. प्रत्येकाच्या गल्लीत एखादं असं दुकान असेल, जिथे आपण फक्त सुट्टे पैसे करायला किंवा रात्री दूध संपलं तर जातो. या आठवड्यात घरच्या प्रार्थनेच्या वेळी तीन प्रश्न स्वतःला विचारू या. माझ्याकडे किती मापं आहेत? पाहुण्याला एक, कामवालीला एक, चर्चच्या दानपेटीला आणखी एक, असं आहे का? मी शेवटचं कुणाला दिलं तेव्हा त्याची मान ताठ राहिली का? आणि ज्याने मला अडचणीत उधार दिलं, त्याच्याकडे मी रोख घेऊन कधी गेलो?

प्रार्थना करू या.

प्रभू येशू, तू आम्हाला कधी सपाट मापाने मोजलं नाहीस. आमची थकलेली वही तुझ्याकडे आहे आणि ती तू कुणाला दाखवली नाहीस. आमच्या हातातलं माप एकच ठेव, आपल्या माणसासाठी आणि परक्यासाठी, रोखीसाठी आणि उधारीसाठी. डोंगरात पाऊस लागला आहे. ज्या घरांच्या वाटा तुटल्या आहेत त्यांच्या चुली पेटत्या ठेव आणि जे त्यांना उधार देतात त्यांच्या दुकानाचं दार उघडं ठेव. तुझ्या पवित्र आत्म्याने आम्हाला इतकं भर, की वरची मूठ टाकताना आमचा हात आखडू नये. आमेन.